जमा, नावे आणि ‘खात्याला’ : हिशेबशिक्षणाच्या पूर्वतयारीतील भाषेचा प्रश्न

मुंबईच्या उपनगरांतील मराठी शाळेतून दहावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी वाणिज्य शाखेत दाखल होतो, तेव्हा पहिल्या काही आठवड्यांतच त्याच्यापुढे पुढील प्रकारची नोंद येते. एका व्यापाऱ्याने पन्नास हजार रुपये रोख घालून धंदा सुरू केला, ह्या व्यवहाराची रोजकीर्दीतील नोंद अशी : ‘रोख खाते नावे ५०,०००, भांडवल खात्याला ५०,०००.’ ह्या ओळीतील एकही शब्द त्याला अपरिचित नाही. रोख, खाते, नावे, भांडवल हे सारे शब्द त्याच्या घरात, शेजारात, वाण्याच्या दुकानात वापरले जातात. तरीही ओळीचा अर्थ त्याला लागत नाही. आणि तो लागत नाही हे पुष्कळदा त्याच्या किंवा त्याच्या शिक्षकांच्या ध्यानातही येत नाही. कारण नियम पाठ केला की नोंद बरोबर येते, आणि नोंद बरोबर आली की गुण मिळतात. शब्द ओळखीचे पण वाक्य अनोळखी, ही स्थिती भाषेच्या अभ्यासकाने लक्ष घालावे अशी आहे. हिशेबनिसाच्या व्यवसायासाठी माध्यमिक शाळेत काय तयारी करून घेता येईल, ह्याचा विचार बहुधा गणिताच्या किंवा संगणकाच्या अंगाने होतो. येथे तो शब्दांच्या अंगाने केला आहे.

पूर्वी ही तयारी कशी होत असे ते पाहणे उद्बोधक ठरेल. पंतोजींच्या शाळेत मुलगा धुळपाटीवर अक्षरे गिरवी, उजळणी घोकी आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मुखोद्गत करी. मोडी वाचता-लिहिता येऊ लागली की तो जमाखर्चाच्या वहीला हात लावण्यास पात्र ठरे. रुपयाचे सोळा आणे व आण्याच्या बारा पया असलेल्या व्यवहारात ह्या पाढ्यांवाचून गत्यंतर नव्हते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती अमलात आली आणि त्या पाढ्यांचे व्यावहारिक प्रयोजन संपले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोडी शालेय शिक्षणातून नाहीशी झाली. पुढे बेरजा-वजाबाक्याही यंत्राकडे गेल्या. म्हणजे हिशेबनिसाला शाळेत जे जे शिकावे लागे, त्यातील अंक यंत्राने घेतले, लिपी कालौघात गेली, आणि उरले ते शब्द. ह्या शब्दांचे शिक्षण मात्र शाळेने कधी आपले मानले नाही, कारण पूर्वी ते दुकानात बसून आपोआप होत असे.

आज ते दुकानातही होत नाही. घाटकोपर किंवा मुलुंड येथील एखाद्या कच्छी वा गुजराती पेढीवर नामुं लिहिणारे मेहताजी आणि लाल बासनातील वह्या ही एके काळी नित्याची गोष्ट होती. दिवाळीत चोपडापूजन होई आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदेला नव्या वहीचे पहिले पान उघडे. प्राप्तिकराच्या कायद्यात १९८७ साली झालेल्या दुरुस्तीने, १९८९-९० ह्या आकारणी वर्षापासून, सर्वांसाठी ३१ मार्चला संपणारे एकच हिशेबवर्ष ठरविले. पूजन राहिले, पण त्या दिवशी उघडणारी वही हिशेबाच्या दृष्टीने मधल्याच एका दिवसाची झाली. पेढीवरच्या मुलाला जे शब्द कानावरून मिळत, ते मराठी नोकरदाराच्या मुलाला तेव्हाही मिळत नव्हते. आता पेढीवरच्या मुलालाही ते पूर्वीसारखे मिळत नाहीत.

उपनगरांतील मराठी मध्यमवर्गाने हिशेबाच्या व्यवसायाशी जोडलेला संबंध प्रामुख्याने शाळा-महाविद्यालयांच्या द्वारे जोडला, हे त्याच्या शैक्षणिक संस्थांच्या इतिहासावरून दिसते. मुंबई शहरात सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय १९१३ साली निघाले. मुंबई सरकारची लेखापदविका १९१८ साली सुरू झाली. आणि १९४९ च्या कायद्याने सनदी लेखापालांची अखिल भारतीय संस्था त्याच वर्षी १ जुलैला अस्तित्वात आली. परंतु ह्या सर्व घडामोडी उपनगरांबाहेरच्या. उपनगरांत पार्ल्याला १९२१ साली टिळकांच्या नावाने मराठी शाळा स्थापन झाली, आणि तीच पार्ले टिळक विद्यालय असोसिएशन १९६० साली डहाणूकर वाणिज्य महाविद्यालय व १९७० साली मुलुंडचे वाणिज्य महाविद्यालय काढते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. मराठी माध्यमाची शाळा चालविणाऱ्या संस्थेला आपल्या मुलांसाठी पुढची पायरी म्हणून वाणिज्य महाविद्यालय हवेसे वाटले. शाळेची भाषा मराठी होती, पायरीची भाषा इंग्रजी होती. मधल्या उंबरठ्यावर काय घडते, हाच प्रस्तुत विषय होय.

ह्या उंबरठ्यावर विद्यार्थ्याला एकाच वेळी तीन शब्दसंग्रह भेटतात. पहिला घरचा : जमा, खर्च, उधारी, शिल्लक, बाकी, नावावर मांडणे. दुसरा पाठ्यपुस्तकाचा. राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘पुस्तपालन आणि लेखाकर्म’ हे पुस्तक मराठीत उपलब्ध आहे, आणि उच्च माध्यमिक परीक्षेत ह्या विषयाची उत्तरे मराठीत लिहिता येतात. तिसरा संग्रह इंग्रजीचा. उपनगरांतील बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांच्या वाणिज्य वर्गांत प्रत्यक्ष अध्यापन त्याच भाषेतून चालते. ह्या तिहींपैकी कोणता संग्रह कोठे लागू, हे त्याला कोणी सांगत नाही. शिक्षक ‘डेबिट’ म्हणतात, पुस्तक ‘नावे’ म्हणते, आणि बँकेचे पासबुक जे म्हणते ते ह्या दोहोंच्या उलट आहे असे त्याला वाटते.

पासबुकाचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण गोंधळाचे बीज तेथेच आहे. विद्यार्थी आपल्या बचत खात्यात पाचशे रुपये भरतो. पासबुकात ती रक्कम ‘जमा’ ह्या रकान्यात पडते आणि शिल्लक वाढते. त्यावरून ‘जमा म्हणजे आले, वाढले’ असा अर्थ त्याच्या मनात पक्का होतो. अकरावीत त्याला सांगितले जाते की, बँकेत पैसे भरले असता ‘बँक खाते नावे, रोख खाते जमा’. जे आले म्हणून आनंद मानला ते नावे, आणि जे हातून गेले ते जमा. येथे विद्यार्थ्याला दोनच मार्ग उरतात : आपला भाषाबोध खोटा मानणे, किंवा हा विषयच कृत्रिम मानून तो पाठ करणे. बहुतेकजण दुसरा मार्ग पत्करतात.

वस्तुतः त्याचा भाषाबोध खोटा नाही; अपुरा आहे. ‘जमा’ हा शब्द मराठी हिशेबात एकटा कधीच उभा राहत नाही. तो कोणाच्या तरी खाती असतो. पासबुक हे विद्यार्थ्याचे पुस्तक नाही, ते बँकेच्या पुस्तकातील त्याच्या खात्याची प्रत आहे. बँकेच्या दृष्टीने त्याने पाचशे रुपये दिले. म्हणून बँकेने ते त्याच्या खाती जमा धरले, म्हणजे तेवढ्या रकमेचे आपण त्याचे देणे लागतो हे मान्य केले. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वहीत बँक ही घेणारी. म्हणून ती रक्कम बँकेच्या नावे. दोन्ही नोंदी एकच गोष्ट सांगतात. ‘नावे’ हा शब्द तर ह्या बाबतीत इंग्रजी शब्दापेक्षा बोलका आहे. नाव ह्या शब्दाचे ते सप्तम्यर्थी रूप. ‘अमक्याच्या नावे लिहिले’ म्हणजे ती रक्कम त्याच्याकडून येणे आहे, हे वाण्याची उधारीची वही पाहिलेल्या कोणालाही कळते. इंग्रजी ‘डेबिट’ हा शब्द देणे लागण्याचा अर्थ असलेल्या लॅटिन धातूपासून आला आहे, आणि ‘क्रेडिट’ विश्वास ठेवण्याचा अर्थ असलेल्या धातूपासून. (हा दुसरा धातू आणि संस्कृत ‘श्रद्धा’ हे एकाच मूळ कुळातले, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच, वाणिज्याच्या वर्गात ती एकदा सांगितली तर फुकट जाणार नाही.) लॅटिनमधील अर्थ आज इंग्रजी विद्यार्थ्यालाही शोधावा लागतो; मराठीतला अर्थ मात्र पृष्ठभागावर आहे. तो वापरला जात नाही एवढेच.

ह्याहून अवघड अडचण रोजकीर्दीची आहे. पाठ्यपुस्तकाने ‘जर्नल’साठी रोजकीर्द हा जुना शब्द स्वीकारला आहे. परंतु देशी पद्धतीच्या रोजकीर्दीत दिवसभराची रोकड आत-बाहेर कशी झाली ते लिहिले जाई आणि अखेर शिल्लक काढली जाई. म्हणजे तिचे कार्य आजच्या रोख पुस्तकाच्या जवळचे होते. शिवाय त्या पद्धतीत डावी बाजू जमेची आणि उजवी नावेची असे. इंग्रजी पद्धतीत डावी बाजू डेबिटची, म्हणजे नावेची. परिणामी दुकानात आलेली रोकड दोन्ही पद्धतींत डावीकडेच लिहिली जाते. पण जुन्या वहीत त्या बाजूचे नाव ‘जमा’ आणि नव्या रोख पुस्तकात त्याच बाजूचे नाव ‘नावे’. आजोबांची वही आणि नातवाचे पुस्तक समोरासमोर ठेवली तर एक दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब वाटावे.

हे प्रतिबिंब मात्र खरे नाही. जुन्या रोजकीर्दीत रोकडीचे स्वतंत्र खाते मांडलेले नसे. डावीकडे ‘जमा’ म्हणून जी रक्कम पडे ती ज्याने दिली त्याच्या खाती जमा असे. खतावणी करताना ती त्याच्याच खात्यात जाई. इंग्रजी रोख पुस्तक हे स्वतःच रोकडीचे खाते आहे. रोकड आली की घेणारे खाते रोकडीचे, म्हणून ते नावे, देणारा जमा. अर्थात ‘जमा’ ह्या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे एकच : देणाऱ्याचे श्रेय. बदलले ते एवढेच की पान कोणाचे आहे. हा खुलासा दहा मिनिटांत होतो, आणि तो झाला की डावे-उजवे पाठ करण्याची गरज बरीचशी संपते. देशी वहीखाते हेच द्विनोंदी पद्धतीचे मूळ होय, असे प्रतिपादन बी. एम. लाल निगम यांनी १९८६ साली ‘अबॅकस’ ह्या नियतकालिकात केले होते, आणि ख्रिस्तोफर नोब्ज यांनी पुढच्याच वर्षी त्याला आक्षेप घेतला. पाचोली याचा व्हेनिस येथे छापलेला ग्रंथ १४९४ चा. त्याच्या आधीच्या भारतीय वह्यांचा पुरावा किती, असा तो वाद आहे. वर्गात शिकविणाऱ्याला त्या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. दोन्ही पद्धती प्रत्येक व्यवहाराला देणारा आणि घेणारा अशी दोन टोके मानतात, एवढे त्याला पुरते.

आता आरंभीच्या ओळीतील ‘भांडवल खात्याला’ ह्या पदाकडे वळता येईल. येथे अडचण शब्दाची नाही, विभक्तीची आहे. मराठीत ‘ला’ हा प्रत्यय घेणाऱ्याचा निदर्शक आहे : मुलाला पुस्तक दिले, म्हणजे मुलगा घेणारा. परंतु वरील नोंदीत भांडवल खाते हे देणारे आहे. नियमही तसाच, ‘देणाऱ्याचे खाते जमा’. मग देणाऱ्याला ‘ला’ का? मराठी व्याकरण ज्याच्या अंगात मुरले आहे असा मुलगा येथे अडखळला, तर त्याची बुद्धी मंद नाही. त्याची भाषा शाबूत आहे.

हा ‘ला’ इंग्रजी ‘टू’चे भाषांतर आहे, आणि ‘टू’ हा एका मोठ्या वाक्याचा अवशेष आहे. जुन्या इंग्रजी वह्यांतून नोंदीचे रूप ‘रोख, भांडवलाची ऋणको’ अशा अर्थाचे असे : रोख खाते हे भांडवल खात्याला अमुक रक्कम देणे लागते. कालांतराने क्रियापद गळाले, ‘ऋणको’ ह्या अर्थाच्या शब्दाची दोन अक्षरे तेवढी राहिली, आणि संबंध दाखविणारे ‘टू’ मागे उरले. मराठी अनुवादकाने जे उरले होते त्याचेच भाषांतर केले. ‘देणे लागते’ हे दोन शब्द परत घातले की ओळ स्वच्छ मराठी होते : ‘रोख खाते भांडवल खात्याला ५०,००० रुपये देणे लागते.’ येथे ‘ला’ आपल्या नेहमीच्या जागी आहे. भविष्यात घेणारे भांडवल खाते, देणे लागणारे रोख खाते. तर्क आणि व्याकरण दोन्ही जुळतात. खातेवहीच्या उजव्या बाजूस येणाऱ्या ‘बाय’ची कथाही अशीच, तेथे ‘कडून येणे’ एवढे शब्द घातले की काम भागते. पहिले दोन आठवडे विद्यार्थ्यांकडून प्रत्येक नोंद अशा पूर्ण वाक्यात म्हणवून घ्यावी आणि मगच संक्षेप शिकवावा. शिक्षकाचा त्यात थोडा वेळ जाईल हे खरे. पण पुढे चूक दुरुस्तीच्या प्रकरणात, जेथे चुकीच्या नोंदीचा अर्थ लावून उलट नोंद करायची असते, तो वेळ वसूल होतो. ज्याने नोंद केवळ पाठ केली आहे त्याला चुकलेली नोंद वाचता येत नाही.

हा प्रश्न जुन्या वह्यांबरोबर संपला असे समजण्याचे कारण नाही. भारतात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या टॅली ह्या संगणकप्रणालीत नोंद करताना ‘डेबिट-क्रेडिट’ऐवजी ‘बाय-टू’ दाखविण्याची सोय आहे, आणि तेथे डेबिटच्या ओळीला ‘बाय’ व क्रेडिटच्या ओळीला ‘टू’ लागते. खातेवहीत मात्र डेबिटच्या बाजूस ‘टू’ लिहायला शिकलेला विद्यार्थी हे पाहून चक्रावतो. विरोध अर्थात नाही : ‘टू’ दोन्हीकडे जमा होणाऱ्या खात्याच्याच नावामागे येते; खातेवहीत ते नाव समोरच्या खात्याच्या पानावर लिहिलेले असते इतकेच. पण वाक्य न समजता बाजू पाठ केलेल्याला हे कोण सांगणार?

पाठ्यपुस्तकी परिभाषेतील काही जोड्या तर उलट्या बसल्यासारख्या वाटतात. ‘तेरीज’ म्हणजे गोषवारा. जुन्या दफ्तरांतून तो शब्द ह्याच अर्थाने येतो. ‘ताळा’ म्हणजे पडताळा. शाळेत गुणाकाराचा ताळा पाहतात तोच. आता पुस्तपालनात पडताळ्यासाठी जे पत्रक काढतात, नावे आणि जमा बाजूंच्या बेरजा जुळतात की नाही हे पाहण्यासाठी, त्याला आपण तेरीज म्हणतो. आणि धंद्याच्या स्थितीचा जो गोषवारा वर्षअखेर मांडतात त्याला ताळेबंद. दोन्ही शब्द रूढ झाले आहेत आणि ते बदलण्यात काहीच हशील नाही. मात्र ‘ताळेबंद जुळला म्हणजे हिशेब बरोबर’ अशी जी समजूत विद्यार्थ्यांत आणि गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांतही आढळते, तिला ह्या शब्दाने थोडाफार हातभार लावला असावा. एखादी नोंद मुळातच गाळली, किंवा दुरुस्तीचा खर्च मालमत्तेच्या खात्यात टाकला, तरी ताळेबंद जुळतोच.

संस्कृतोद्भव नव्या शब्दांवर सरसकट टीका करण्याची पद्धत आहे. भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले, १९६२ साली पदनाम कोश निघाला आणि लगोलग त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून थट्टाही झाली. हिशेबाच्या परिभाषेबाबत मात्र निवाडा शब्दागणिक करावा लागेल. ‘पुस्तपालन’ हा शब्द इंग्रजीचे पदशः भाषांतर आहे; पशुपालन, कुक्कुटपालन ह्या मालिकेत पुस्तके पाळण्याची कल्पना जरा विनोदी वाटते, आणि जमाखर्च हा शब्द घरात असताना तो का टाकला असा प्रश्न पडतो. ‘अदत्त खर्च’ आणि ‘पूर्वदत्त खर्च’ हे शब्द आटोपशीर आहेत, परंतु ‘द्यायचा राहिलेला’ आणि ‘आगाऊ दिलेला’ अशी ओळख आधी करून दिल्याशिवाय ते मुलाच्या कानात केवळ ‘दत्त’ एवढेच ठेवून जातात. ह्याउलट ‘धनको’ आणि ‘ऋणको’ हे नवे भासणारे शब्द मुळीच नवे नाहीत. जुन्या कर्जरोख्यांचा आरंभच धनकोचे नाव व ऋणकोचे नाव ह्यांनी होत असे. शिवाय त्यांची आवश्यकताही आहे. कारण बोलीतला ‘देणेकरी’ हा शब्द कधी देणे लागणाऱ्यासाठी, तर कधी ज्याचे देणे आहे त्याच्यासाठी वापरला जातो, आणि हिशेबात अशी संदिग्धता चालत नाही.

बारावीनंतर हा मराठी शब्दसंग्रह जवळजवळ एका दिवसात निरुपयोगी होतो. सनदी लेखापालाच्या परीक्षेचे माध्यम इंग्रजी किंवा हिंदी आहे, मराठी नाही. तिच्या फाउंडेशन पातळीवर लेखांकन, व्यावसायिक कायदे, संख्यात्मक अभिक्षमता व सांख्यिकी आणि अर्थशास्त्र अशा चार प्रश्नपत्रिका असतात. २०२३ सालच्या नव्या योजनेनुसार पुढे दोन वर्षांची प्रत्यक्ष उमेदवारी करावी लागते. त्या उमेदवारीत, मग ती अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांची हिशेबतपासणी असो की वांद्रे-कुर्ला संकुलातील कंपन्यांची, उमेदवाराच्या हाती जी पत्रके येतात ती कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टाच्या नमुन्यातली असतात. त्यांत ताळेबंद उभा असतो. डावी-उजवी बाजूच नसते. ऋणकोंची जागा ‘ट्रेड रिसीव्हेबल्स’ने घेतलेली असते. ज्याने बाजूंवरून विषय पाठ केला त्याच्या पायाखालची जमीन येथे सरकते. ज्याने देणारा, घेणारा आणि पुस्तकाचा धनी ह्या तीन गोष्टींवरून तो समजून घेतला, त्याला फक्त नवी नावे शिकायची असतात. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याचे इंग्रजी कच्चे म्हणून तो मागे पडतो असे सर्रास म्हटले जाते. ह्यात तथ्य आहे, पण अर्धेच. विषय मराठीत नीट समजला असेल तर इंग्रजी संज्ञा शे-दोनशेच आहेत. मराठीतच तो समजला नसेल, तर इंग्रजीवर खापर फोडून भागत नाही.

सर्वांनाच सनदी लेखापाल व्हायचे असते असेही नाही. उपनगरांत हिशेबाची पुष्कळ कामे लहान आहेत : दुकानदाराची वस्तू व सेवा कराची विवरणे भरणे, कारखान्यातील मालसाठ्याचे हिशेब, आणि विशेषतः सहकारी गृहनिर्माण संस्थांची दफ्तरे. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या प्रत्येक संस्थेला हिशेब ठेवावे लागतात व दरवर्षी तपासून घ्यावे लागतात. ह्या क्षेत्रात शिरू इच्छिणाऱ्या पदवीधरांसाठी सहकार खात्याची सहकार व लेखा पदविका आहे. हे काम मराठीत चालू शकते आणि पुष्कळ प्रमाणात चालते. संस्थेच्या सभासदाला हिशेब समजावून सांगणे हाच त्याचा मोठा भाग असतो.

माध्यमिक शाळेतील पूर्वतयारीला लागणारे साहित्यही ह्याच परिसरात आहे. २०१७ व २०१८ साली आलेल्या नववी-दहावीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण घालण्यात आले. त्यात प्राप्तिकर, वस्तू व सेवा कर, शेअर ह्यांची उदाहरणे आली, आणि ते योग्यच झाले. त्यात आकडेमोड आहे, खाते मात्र नाही. त्या प्रकरणाच्या जोडीला मराठीच्या तासालाच तीन कागद वाचावयास द्यावेत : वाण्याच्या उधारीच्या वहीचे एक पान, बँकेचे पासबुक, आणि गृहनिर्माण संस्थेचा वार्षिक अहवाल. प्रत्येकावर प्रश्न एकच असावा : हे पुस्तक कोणाचे? वहीत ‘नावे’ कोण, पासबुकात ‘जमा’ कोणाची, हे मुलाने पूर्ण वाक्यांत लिहावे. येथे बेरीज करण्याची गरज नाही.

तिसरा कागद त्यांतल्या त्यात कठीण आणि म्हणूनच अधिक उपयोगी. संस्थेच्या ताळेबंदात ‘सिंकिंग फंड’ भांडवल व देयतांच्या बाजूस असतो, हे पाहून मुलेच काय, मोठी माणसेही बुचकळ्यात पडतात. आदर्श उपविधींप्रमाणे बांधकामखर्चाच्या किमान पाव टक्का दराने हा निधी दरवर्षी गोळा होतो. म्हणजे पैसे संस्थेकडे आले, मग ती देयता कशी? ‘निधी’ ह्या शब्दाचा घरगुती अर्थ साठा, ठेवा असा आहे, आणि ठेवा ही मालमत्ता. ह्याचे उत्तर पुन्हा शब्दातच आहे. ताळेबंदातील निधी म्हणजे पैसा नव्हे. सभासदांकडून विशिष्ट कामासाठी घेतलेल्या रकमेची संस्थेवर राहिलेली जबाबदारी, म्हणजे ‘कोणाचे देणे’ ह्याची नोंद. तो पैसा जेथे गुंतविला आहे ती मुदतठेव पलीकडच्या बाजूस, गुंतवणुकीखाली दिसते. दोन्ही आकडे जुळतात की नाही हे शोधायला मुलांना सांगावे. कित्येक अहवालांत ते जुळत नाहीत, आणि का जुळत नाहीत हे विचारण्याचा अधिकार त्यांच्या पालकांना वार्षिक सभेत असतो. ही सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागत असल्यामुळे अहवाल घरोघर येतात ते पहिल्या सत्रातच. दहावीचे वर्ष परीक्षेच्या ओझ्याखाली दबलेले असते. हा पाठ नववीच्या पहिल्या सत्रात, गणेशोत्सवाच्या सुट्टीच्या आगेमागे घेणे सोयीचे पडेल.